गोकुळनं सांगितलेला पत्ता

लाईट यायला अजून येळ हाय. मोटर सुरू झाल्याबिगर काय आपल्याला घरी जाता येत न्हाई. बसा हितंच. रविराज, तूबी बस. स्वराज, मगाशी तू म्हणत हुतास ना, कोकणातल्या मित्रासंगं सुट्टीपुरती घरं बदलायची? त्यानं हिकडं यायचं, तू तिकडं? कर की. माझं काय म्हणणं न्हाई. फक्त आपल्या गोकुळचं काय झालं, तेवढं ऐकून घे.

गेल्या साली एप्रिल सरत आलेला. गोकुळ माझ्याकडं घराची किल्ली द्यायला आला. घर आपल्या मळ्याला लागूनच. म्हणला, "आप्पा, सांजच्याला ज्ञानेश आन् त्याची बायको येतील. दार उघडून द्या, पाण्याचा कॉक कुठं हाय ते दाखवा."

ज्ञानेश पहिला गोकुळच्याच कंपनीत हुता. मग गावी जाऊन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. समुद्राच्या काठाला घर. दोघांनी फोनवर ठरवलं, आठ दिस तुम्ही आमच्यात ऱ्हावा, आम्ही तुमच्यात. गोकुळच्या बायकोनं, ऋतिकानं, समुद्र बघितलेला नव्हता. ज्ञानेशच्या बायकोनं, स्नेहलनं, गुऱ्हाळ बघितलं नव्हतं.

आली माणसं. गरीब स्वभावाची. स्नेहल तर दुसऱ्या दिवशी आमच्या चुलीवर भाकरी थापायला शिकली.

आता तिकडचं सांगतो. हे मला गोकुळनं मागनं सांगितलं.

पहिल्याच सांजंला ओट्यावर एक म्हातारा येऊन बसला. कानात बाळी, चौकड्याची लुंगी. गोकुळला वाटलं, शेजारचं कुणीतरी असंल. ऋतिकानं चहा विचारला, तर नको म्हणला.

"ज्ञानेश कुठं गेलाय?"

"आमच्या घरी गेलाय, काका. निमोण्याला."

"ते कुठं आलं?"

आपल्या माणसाला पत्ता सांगायची लई हौस. गोकुळनं सगळं सांगितलं. पुण्यावरनं शिरूर, शिरूरवरनं निमोणे, गावाच्या आधी डाव्या हाताला दूध डेअरी, तिथनं कच्च्या रस्त्यानं आत. दोन लिंबाची झाडं, मधी घर.

म्हातारा सगळं तोंडातल्या तोंडात म्हणत ऱ्हायला. पोरं पाढं म्हणत्यात तसं.

दुसऱ्या सांजंला परत आला.

"वाटेत पाणी लागतं का?"

"भीमा लागती की. पण पूल हाय, काका."

"पुलाचं मला काय करायचंय? घराजवळ पाणी आहे का?"

"हाय की. घराच्या मागंच शेततळं. चांगलं भरलंय."

म्हातारा हसला. दोन दिसात पहिल्यांदा. उठून गेला, तर बसल्या जागी ओटा ओला. ऋतिकानं फडक्यानं पुसला. तिला वाटलं, अंघोळ करून आला असंल.

तिसरा दिस रविवार. चैत्रातली अमावस्या. म्हातारा आला न्हाई.

जेवणं झाली, तरी ओटा रिकामाच. गोकुळनं सहज ज्ञानेशला फोन लावला. स्नेहलनं उचलला.

"वहिनी, तुमच्या शेजारचे काका आज आले न्हाईत. आजारी-बिजारी हायत का?"

"कुठले काका?"

गोकुळनं वर्णन केलं. बाळी सांगितली. लुंगी सांगितली.



"वहिनी?"

"भाऊजी... ते माझे सासरे. वादळात होडीसकट गेले. सापडलेच नाहीत. सासूबाईंनी शेवटपर्यंत त्यांच्या फोटोला हार घालू दिला नाही."

मग तिनंच इचारलं.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"



"पत्ता..."

तवा स्नेहलनं मागं वळून बघितलं. मागचं दार उघडं. ज्ञानेश अंथरुणात न्हाई.

गोकुळनं लगेच मला फोन केला. "आप्पा, तळ्याकडं पळा." एवढंच. मी का म्हणून इचारलं न्हाई. गड्याचा आवाजच तसा हुता. गोठ्यातनं दावं घेतलं, बॅटरी घेतली.

तुम्हाला शेततळं ठावंच हाय. काळं प्लॅस्टिक, उतरता काठ, शेवाळ. आत गेलेला माणूस वर येत न्हाई. म्हैस येत न्हाई.

स्नेहल काठावर उभी.

ज्ञानेश आत. छातीएवढ्या पाण्यात. आमच्याकडं पाठ.

समुद्रात वाढलेला पोरगा. हात-पाय हलवत नव्हता. नुसता मधी बघत हुता.

"हो बाबा," म्हणत हुता. "आलो. हो..."

मधी कुणी न्हाई. मी बॅटरी मारली. कुणी न्हाई... पण पाणी हलत हुतं. वारं न्हाई, पान हलत न्हाई. तळ्याचं पाणी तेवढं वर-खाली हुतंय.

मी हाक मारली. वळला न्हाई. दावं टाकलं, ते त्याच्या खांद्यावर पडलं. हात लावंना. एक पाऊल पुढं गेला. पाणी गळ्याला आलं.

मग ती पोरगी खाली बसली. पदर डोक्यावर घेतला. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलली. हळू.

"मामा, यांना नेऊ नका. मला दिवस गेलेत. यांनासुद्धा अजून सांगितलं नाही. तुम्हालाच पहिलं सांगते."

रातकिडंसुद्धा गप.

"मामा... पोराला बाप लागेल."

पाणी थांबलं. एकदम. ताटात ठेवल्यागत.

"बाबा?" ज्ञानेश म्हणला. कुणी ओ दिली न्हाई. मग त्यानं मागं वळून बघितलं. म्हणला, "स्नेहल, मी कुठं आहे?"

"दावं धर," मी म्हणलं. धरलं त्यानं. ओढताना माझ्या तळहाताची सालटं निघाली.

रातभर मी त्यांच्याजवळच बसलो. त्यानं बायकोचा हात सोडला न्हाई. पहाटं एकदाच बोलला. "त्यांना वाटत होतं, मी घर सोडून गेलो."

रविराज, इचार काय इचारायचं ते. पोरगी झाली त्यांना, दिवाळीनंतर. बरी हाय. घरी गेल्यावर त्यांनी म्हाताऱ्याचं दिवस-कार्य केलं, फोटोला हार घातला. गोकुळ गेलता त्याला.

पण त्या रातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळ रातोरात गाडी मारून हितं आला, तवा आम्ही दोघं तळ्यावर गेलो. मोटर बंद. पाऊस तर न्हाईच. पाणी आपल्या जाग्यावर.

त्याच्या वर हातभर, काळ्या प्लॅस्टिकवर, चारी बाजूंनी एक पांढरी रेघ उठलेली.

मी बोट फिरवलं. जिभंला लावलं.

मीठ.