आत्याच्या आवाजाची डिस्क

जेवणाच्या सुट्टीत पोरगी धापा टाकत ग्रंथालयात शिरली. "बाई, सभागृहात ठेवलेल्या बॅगेतून माझी डिस्क गेली!"

ग्रंथपालबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. संगणकाला भाषा शिकवणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा मेळावा त्यांच्याच इमारतीत भरला होता. काहीही हरवलं की सगळे त्यांच्याकडेच यायचे.

"दुसरी प्रत?"

"आत्यानं करूच दिली नाही. माझा आवाज गावभर फिरवू नका म्हणाली. तिची बोली बोलणारी ती शेवटची होती, बाई. मार्चमध्ये गेली."

डिस्कमध्ये आत्याची एकोणसाठ ध्वनिमुद्रणं होती. ती कुठे थांबली, कुठे हसली, कुठे तिला दम लागला, याच्या खुणा दोघांनी लावायच्या, एकमेकांचं न बघता. मग त्या किती जुळतात ते मोजायचं. या लोकांची कामाची रीतच तशी. खुणा लावणारी एक ही, दुसरा तिचा आतेभाऊ, आत्याचाच मुलगा, घरातला दादा. तोही इथलाच विद्यार्थी.

"मेळाव्याचे परीक्षक काय म्हणाले?"

"शंभरातल्या नव्व्याण्णव खुणा जुळल्या म्हणून खूश झाले. दोन वाजता एक मुद्रण लावणार आहेत. आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर नव्यानं खुणा लावायच्या."

सव्वा वाजला होता. पोरीची पाच वर्षं आणि एका बाईचा आवाज, दोन्ही त्या डिस्कमध्ये. बाई उठल्या.

सभागृहातला एसी बंद पडला होता. परीक्षक घाम पुसत म्हणाले, "मी कशाला घेऊ? मला तर ऐकायची होती!" आतेभाऊ जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून खुर्च्यांखाली शोधत होता.

"जेवायला नाही गेलात?" बाईंनी विचारलं.

"बॅगा सांभाळत थांबलो."

त्याच्या बॅगेतून हेडफोनचा खोका डोकावत होता. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं.

"हे कधी मिळाले?"

"एप्रिलमध्ये. खुणा लावायला विभागानं दिले."

बाईंनी दोघांचे खुणांचे तक्ते मागवले. पोरगी एकदम चपापली. "अगंबाई! एक्केचाळिसाव्या मुद्रणावर मी चुकून चाळिसाव्याच्या खुणा चिकटवल्यात. सहा वेळा हसणं! एक्केचाळीसमध्ये आत्या नुसती खोकते."

बाईंनी दुसरा तक्ता पाहिला. मग दोघांना घेऊन त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि दार लावलं.

"दादा, तुमच्याही तक्त्यात तिथं सहा हसणी आहेत. ऐकणारा माणूस खोकल्याला हसणं लिहील का? तुम्ही ऐकलंच नाहीत. हिच्या खुणा उतरवल्यात. दोन वाजता पितळ उघडं पडणार होतं. बॅगांपाशी एकटे तुम्हीच होतात, आणि या उकाड्यात जॅकेट घालून बसलेलेही तुम्हीच."

त्यानं चेन उघडली. डिस्क छातीजवळच्या खिशात होती.

"पहिलं मुद्रण लॅपटॉपवर लावलं," तो म्हणाला. "आईनं नुसता घसा खाकरला. मी बंद केलं. परत हिंमतच झाली नाही. मग हिचा तक्ता उतरवला, एखादी खूण मुद्दाम चुकवली. आज डिस्क मोडून टाकणार होतो. हात धजला नाही."

"माझी पाच वर्षं, दादा!" पोरगी ओरडली. मग मटकन खाली बसून रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी ती एकच विचारते. 'दादा जेवला का?' एकोणसाठ वेळा. आपल्या खुणांमध्ये ते बसत नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही. मला वाटलं, तू ऐकलंच असशील."

तो खोका काढून प्लॅस्टिक ओरबाडू लागला. ते निघेना. बाईंनी कात्री घेऊन ते कापून दिलं.

"परीक्षकांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"आकडा मागे घेतला म्हणा," पोरगी म्हणाली. "खुणा पुन्हा लावू."

तिनं डिस्क जोडली, पहिलं मुद्रण शेवटाकडे सरकवलं. दादानं डोळे मिटून हेडफोन घातले. खोलीत बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

"नाही गं आई," तो म्हणाला. "अजून नाही जेवलो."