धरून ठेवलंय, मिस्तरी

खोटं वाटेल, पण भागवत मिस्तरीचा उजवा हात मी स्वतः पाहिला आहे.

गेल्या वैशाखातली भर दुपार. भिंगारमधलं त्याचं गॅरेज. लाईट गेलेली, पंखा बंद.

समोर ज्ञानेश्वरची जुनी फियाट.

त्याच्या वर्षभर आधी करंजी घाटात तिचे ब्रेक लागले नाहीत. ज्ञानेश्वर बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. गाडी कठड्याला अडकून राहिली.

त्या दुपारी त्याची बायको झुंबरबाई ती टेम्पोला बांधून घेऊन आली होती.

"लोक म्हणत्यात, ह्यांनीच गाडी लई जोरात पळवली. मागचे ब्रेक तुमी केल्ते ना? मंग तुमीच उघडा. मी हितंच बसते."

ती बाहेर निंबाखाली बसली.

भागवतने चाक काढलं. ड्रम ठोकून सोडवला. ब्रेकचा सिलिंडर उघडला.

आतलं, ब्रेकचं तेल अडवणारं रबर फुगून चिरलं होतं.

त्याला ठाऊकच होतं. ब्रेक केले त्या दिवशी नवं रबर मिळालं नव्हतं. त्याने जुनंच पेट्रोलने धुऊन बसवलं... आणि 'नवं टाकलंय' म्हणून सांगितलं. पेट्रोलने रबर फुगतं, हे माहीत असूनही.

झुंबरबाई पाठमोरी होती.

त्याने रबर गटारात फेकलं. नवं बसवून ड्रम चढवला.

"वहिनी, रबर चांगलं हाय. दादांनीच गाडी जोरात पळवली बघा!"



आता ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. एकाने आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्याने खालून चाकामागचा निपल सैल करायचा. ही गाडी आली की आत नेहमी ज्ञानेश्वरच बसायचा.

भागवत जॅकवरच्या गाडीखाली सरकला. सवयीने बोलून गेला, "दाब."

आत कोणीच नव्हतं.

...पायडल करकरलं.

"धरून ठेवलंय, मिस्तरी."

भागवतने मान वळवली. निंबाखाली झुंबरबाई तशीच बसलेली.

"रबर कुठंय, मिस्तरी?"

"सोड... दादा, सोड!"

"सोडतो."

जॅक सटकला. ड्रम त्याच्या उजव्या पंजावर बसला.

आजूबाजूच्या माणसांनी धावत येऊन गाडी उचलली. तीन बोटं गेली. गाडीची दारं कुलूपबंद होती, किल्ली भागवतच्याच खिशात. आत सीटवर चिरलेलं रबर पडलेलं... गटाराच्या पाण्याने ओलं.

भागवतने तिथेच सगळं कबूल केलं. झुंबरबाईने रबर पदरात बांधलं.

परवा मी तिच्या अंगणात गेलो होतो. गाडी तिथेच उभी असते. आत कोणी नव्हतं.

पायडल दाबल्यावरच लागणारे मागचे लाल दिवे मात्र पेटलेले...

"झुंबरबाई, बॅटरी उतरेल," मी म्हणालो.

तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, बॅटरी तर कवाच काढलीया."