परसातलं उखळ

पटत नसेल त्यांनी अड्याळकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं. यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

सन १९७८. पौष महिना, दिवेलागणीची वेळ. माझे थोरले मामा, वासुदेवराव, ओसरीवर बसले होते.

इंग्रजांच्या राज्यात मामा गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. बेचाळीसला जंगलात लपलेल्या क्रांतिकारकांच्या फौजेला त्यांच्याच घरचे पोहे जायचे. खूण ठरलेली. परसातल्या उखळात मुसळ वाजलं की रस्ता मोकळा. पोलीस असले की उखळ गप्प.

एके दिवशी पोलिसांनी मामांना गोठ्यात बांधून घातलं, तोंडात बोळा कोंबला.

आणि परसात मुसळ वाजलं...

जंगलातली पोरं आली. गोळ्या खाऊन अंगणातच पडली.

गावानं मामांना फितूर ठरवलं. मामांनी मंगरू गड्यावर संशय घेतला आणि त्याला हाकलून दिलं. कुणी दगा दिला, हे मात्र त्यांना नक्की कळलेलं नव्हतं. तेच त्यांना आतून खात होतं.

त्या संध्याकाळी परसातून आवाज आला.

धप्... धप्...

मामा धावले. परसात चिटपाखरू नव्हतं. गिरणी आल्यापासून उपडं पडलेलं उखळ उपडंच होतं.

आवाज त्यातूनच येत होता.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हळूच विचारलं, "मालक, येऊ काय?"

कोवळ्या पोराचा आवाज...

 मामा जीव खाऊन ओरडले, "येऊ नका रे! मागं फिरा!"

मुसळ थांबलं.

आणि मामांच्या पाठीमागून गोदावरीमामी म्हणाली, "या रे पोरंहो. कोणी नाही."

मामा वळले. मामीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. बोलायचं नव्हतं, तरी तेव्हाचेच शब्द तोंडून निघाले होते.

"तू?"

"पोलिसायनं तुमाले सोडतो म्हनलं होतं जी," ती रडायला लागली. "नाही त फाशी देतो म्हने. मंग मुसळ मीच वाजवलं. काय करू?"

मामा मटकन खाली बसले. घरातलंच माणूस! आणि बिचाऱ्या मंगरूला आपण देशोधडीला लावलं.

अंगणातून पावलं वाजली. दिसलं कुणीच नाही. मामांना वळसा घालून ती थेट मामीजवळ गेली...

परत गेल्याचं कुणी ऐकलं नाही.

मामा मरेपर्यंत गोठ्यात राहिले. मामी अजून आहे. जेवायला बसली की चोहीकडे बघते आणि पुटपुटते, "खाऊ द्या रे मले."

मी तिला भेटायला जातो. तिच्या शेजारी बसायची हिंमत मात्र अजून होत नाही.