सतरा नंबरचं गवत

सकाळी सव्वासातला दिपाली बिराजदारचा फोन वाजला. पलीकडून रेंजर शिवानंद बोलत होते, आणि आवाजावरून रात्रभर झोपलेले वाटत नव्हते.

"मॅडम, बोरकडीचा माळ गेला. काल दुपारी पेटला. तीनशे एकर."

"कुठली बाजू?"

"दक्षिणेची. आमचा वनमजूर महिपती भाजलाय. आग लावणारा धनगर धरलाय, बारा वाजता त्याला कोर्टात हजर करायला निघायचंय. तुमचा नकाशा आणि उपग्रहानं टिपलेले आगीचे ठिपके कागदाला जोडायचे आहेत. लगेच या."

"पण आज पुण्याची टीम फेरकापणीला येणार होती ना?"

"काय कापणार आता? राख?" फोन बंद झाला.

दिपाली तशीच उभी राहिली. माळ जळाला याचं वाईट वाटलंच, पण दक्षिण बाजू ऐकून तिनं आधी लॅपटॉप पिशवीत टाकला. वनविभागात ती कंत्राटावर आकड्यांचं काम करायची. कुठल्या माळावर किती वाळकं गवत उभं आहे, म्हणजे वणव्याला किती खाद्य आहे, याचा हिशेब माळावरच्या नंबरांच्या खुंट्यांपाशी कापून तोललेल्या गवतावरून लावून ती नकाशा काढायची. गवत दाट तिथं जाळरेषा आधी. जाळरेषा म्हणजे थंडीतच गवत कापून, जाळून मोकळा केलेला पट्टा, आग तिथं येऊन अडते. बोरकडीची दक्षिण बाजू तिनंच विरळ दाखवली होती. म्हणून तिथं जाळरेषा काढली नव्हती.

विरळ गवतात तीनशे एकर जळत नाहीत. एक तर नकाशा चुकला होता, नाही तर नकाशाला पुरवलेले आकडे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीपाशी पहिल्या पाळीच्या सायकलींनी रस्ता भरला होता. स्कूटी त्यातून काढत, वळसंग मागं टाकत ती बोरकडीच्या चौकीवर पोचली तेव्हा नऊ वाजले होते.

चौकीच्या फाटकाशी एक बाई मातीत बसली होती. दिपालीला बघताच उठली.

"ताई, तुमी हापिसातल्या का? मी केराबाई. माझ्या मालकाला धरलंय. श्रीमंत त्येचं नाव. त्येनं न्हाय लावली आग."

"तुम्ही काल त्यांच्याबरोबर होता का, मावशी?"

"न्हाय. मी वाड्यावर लेकराला घिऊन हुते." केराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जेल झाली तर झाली, दोन वर्सानं सुटंल की. पर आग लाव्या म्हनून नाव पडलं, तर आमची मेंढरं रानात कोन बसवून घेनार? लेंडीखतासाठी शेतकरी बोलावत्यात, त्येच्यावर आमचं चालतंय. नाव गेलं की समदं गेलं."

दिपाली आत गेली.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत पुरावा होता: श्रीमंतची तंबाखूची चंची. निळ्या कापडाची, दोऱ्यानं बांधलेली.

"कुठं सापडली?"

"कॅनॉलच्या पायवाटेवर, जळालेल्या भागाच्या पश्चिम टोकाला," शिवानंद म्हणाले. "गार्ड सोमेशला सापडली. आग तिथंच लागली. सरळ केस आहे. कोवळं गवत फुटावं म्हणून हे लोक माळ पेटवतात."

दिपालीनं पिशवी उलटी करून पाहिली. चंचीचा खालचा भाग काजळीनं काळा होता. वरचं कापड स्वच्छ होतं, दोरासुद्धा शाबूत होता. तिनं पिशवी खाली ठेवली.

"मला श्रीमंत, महिपती, सोमेश तिघांशी बोलायचंय, साहेब. अकरापर्यंत."

"बोला. पण बाराला गाडी निघणार."

श्रीमंत मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. साठीचा, उंच, पायात वहाण नव्हती.

"मामा, काल दुपारी एक वाजता कुठं होता?"

"नाल्यापलीकडं, मेंढरांपाशी. येकलाच हुतो. धूर दिसला तसा पळत आलो. लिंबाच्या डहाळ्यानं आग बडवली की सांजपातुर."

"चंची तुमचीच?"

"व्हय. बंडीत हुती. गरम व्हाया लागलं म्हनून बंडी काढून बोरीवर टाकली. मागनं बघतोय तर चंची न्हाय."

"बोर कुठं आहे?"

"चौकीच्या अंगाला. तितं समदेच येत-जात हुते. सायब, महिपती, सोमेश."

"साहेब म्हणतात, कोवळ्या गवतासाठी आग लावली."

श्रीमंत पहिल्यांदा चिडला. "माघात? पाऊस कवा, गवत कवा! चार म्हैने काळी भुई चाटायची का मेंढरांनी? आनि त्या दक्षिनच्या अंगाचं गवत कोन जाळंल, ताई? कंबरंयेवडं हुतं. आमीच तर गेल्या वैशाखात तितं मेंढरं बसवली हुती, तवा चराईबंदी नव्हती. जितं मेंढरं बसत्यात तितं पुढच्या पावसाला गवत लई माजतंय."

दिपालीची पेन्सिल थांबली. "नक्की कुठं बसवली होती?"

"ती लाल खुटी हाय न्हवं, सतरा लिवल्याली? तिच्या भवतीनं."

महिपती पडवीत होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. त्याच्याकडे बघताना दिपालीला अपराधी वाटलं.

"दक्षिणेला का गेलात, मामा?"

"सोमेश म्हनला, तिकडं गवत कमी हाय, नकाशात हाय तसं, तितनं आडवं जा. ओलं पोतं घिऊन गेलो. आग डोक्याच्या वर आली की, बाईसाहेब."

"आग दिसली तेव्हा वारा कुठून होता?"

"उगवतीचा. धूर समदा कॅनॉलकडं पळत हुता."

"गवताचं वजन कोण करतं?"

"सोमेश. मी पैल्या येळेला हुतो संगं, आट खुट्या केल्या. मग म्हनला, तुमी राहू द्या, मी करतो."

"काटा कुठाय?"

काटा खिडकीच्या गजाला लटकत होता, हुकाचा, स्प्रिंगवाला. दिपालीनं चौकीमागचं मूठभर गवत उपटून त्याला टांगलं.

"किती?"

महिपतीनं डोळे बारीक केले. "येकशे साट... न्हाय, ऐंशीच्या जवळ. ह्येच्यावर वीस-वीसच्या रेघा हायत्या. मधलं काय दिसत न्हाय."

सोमेश चहा घेऊन आला. पंचविशीचा, नीटनेटका, शहरात वाढलेला पोरगा. गणवेशाला इस्त्री होती. कपात साखर किती हेसुद्धा तो विचारायचा. दिपालीला तो आवडायचा, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती.

"फार वाईट झालं, मॅडम. तुमची एवढी मेहनत."

"काल तुम्ही कुठे होता?"

"उत्तरेला गस्तीवर. मोबाइल सकाळी नऊलाच बंद पडला, चार्जिंग नव्हतं. आत्ता सकाळी चालू केला. त्यामुळं कुणाचे मेसेजही बघितले नाहीत अजून."

"आणि आग कधी कळली?"

"दोनच्या सुमाराला. पळतच आलो."

"आपले खुंट्यांचे प्लॉट कोणकोणते गेले?"

"सतरा, एकोणीस, एकवीस, बावीस. सगळे गेले, मॅडम. काही उरलं नाही."

"बरं," दिपाली म्हणाली आणि चहा संपवला. चांगला झाला होता, आलं घातलेला.

मग ती महिपतीला घेऊन जळालेल्या माळावर गेली. बुटाखाली राख करकरत होती. सतरा नंबरची खुंटी जळून बोटभर उरली होती. दिपाली खाली बसली. गवताची थोटकं मुठीएवढी जाड होती आणि इतकी खेटून, की मध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. चौकीवर परत येऊन तिनं लॅपटॉप उघडला, नोंदवही शेजारी घेतली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी शिवानंदना म्हणाली, "सगळ्यांना बोलवा. श्रीमंत मामांनाही."

पडवीत सगळे जमले. केराबाई फाटकातून आत येऊन खांबाशी उभी राहिली. तिला कुणी हटकलं नाही.

"आधी चंची," दिपालीनं सुरुवात केली. "आग जिथं लागली तिथं ती पडली असती, तर जळून गेली असती. हिचं खालचं अंग काळं आहे, वरचं कोरं. म्हणजे आग विझल्यावर, थंड राखेवर कुणीतरी ठेवली."

शिवानंद पुढं झुकले.

"दुसरं, आग कॅनॉलपाशी लागलीच नाही. उपग्रहानं पहिला ठिपका टिपला एक बेचाळीसला, एकोणीस नंबरवर, दक्षिण बाजूच्या मधोमध. तेव्हा कॅनॉलकडे काहीच नव्हतं. तिथला ठिपका अडीचचा. वारा पूर्वेचा होता, आग पश्चिमेला पळाली. चंची ठेवणाऱ्यानं आग जिथं संपली ती जागा, जिथं लागली म्हणून दाखवली."

"मग मधोमध कुणी लावली?" शिवानंदनी विचारलं.

"ते नोंदवहीत आहे." तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "प्रत्येक खुंटीपाशी मीटरभर चौकोनातलं गवत कापायचं, वजन करायचं, वाळवून पुन्हा करायचं. एक ते आठ बघा. चारशे साठ, पाचशे वीस, तीनशे ऐंशी. काट्यावर वीस-वीसच्या रेघा आहेत, तसेच आकडे. आता नऊपासून पुढं. चारशे सदतीस. पाचशे त्र्याऐंशी. दोनशे एकोणनव्वद. हे या काट्यावर दिसूच शकत नाहीत. गोल आकडे खोटे वाटतील, म्हणून कुणीतरी घरबसल्या खरे वाटणारे आकडे लिहिले. मीही फसले. मागच्या बैठकीत मी या वहीचं कौतुक केलं होतं."

सोमेशनं कप खाली ठेवला. "अंदाजानं लिहितो मॅडम, दोन रेघांमधलं."

"आठपर्यंत अंदाज सुचला नाही? बरं, सतरा नंबर घेऊ. वहीत एकशे त्रेचाळीस ग्रॅम. विरळ. का? तुम्ही वैशाखात तिथं मेंढरं बसलेली पाहिली, जमीन उघडी पाहिली आणि धरून चाललात, की मेंढरांनी गवत संपवलं. पावसानंतर तिथं एकदाही गेला नाहीत. गेला असतात तर कळलं असतं, लेंडीखतानं तिथलंच गवत सगळ्यात दाट झालं होतं. हे श्रीमंत मामांना माहीत आहे, बोरकडीच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून तर ते मेंढरं बोलावतात."

"असेल चूक," सोमेश म्हणाला. "चूक म्हणजे आग लावली असं नाही."

"नाही. पण काल सकाळी अकरा दहाला मी तुम्हाला मेसेज केला, फेरकापणीचे प्लॉट चिठ्ठ्या टाकून काढले आहेत. सतरा, एकोणीस, एकवीस, बावीस. फक्त तुम्हाला पाठवला. आज पुण्याची माणसं तिथलं गवत कापणार, वहीशी ताडून बघणार. तुम्ही म्हणता मोबाइल बंद होता, मेसेज अजून बघितलेला नाही."

"नाहीच बघितला!"

"मग मी जळालेले प्लॉट विचारल्यावर नेमके हेच चार कसे सांगितलेत?" तिनं लॅपटॉप फिरवला. "जळालेत नऊ. सोळापासून चोवीसपर्यंत सलग. तुमच्या डोक्यात चारच होते."

शिवानंदनी हात पुढं केला. "मोबाइल दे, सोमेश."

सोमेशनं दिला नाही. तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चार प्लॉटच जाळायचे होते," तो म्हणाला. "गवत विरळ आहे असंच मला वाटत होतं. चटकन विझेल म्हटलं. पेटल्यावर... मला आवरलीच नाही." मग तो दिपालीकडे बघून ओरडला, "तीस खुंट्या, दोन बीटांची गस्त, एकटा माणूस! तुम्ही फोनवर आकडे मागायचा, मी आकडे द्यायचो. तुम्ही कधी आलात का बघायला?"

दिपालीला ते लागलं, कारण ते खरं होतं. पण महिपतीचे हात समोर होते.

"मला जाब विचारताय, ते तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण स्वतःच्या खोट्या आकड्यावर विसंबून तुम्ही महिपती मामांना तिकडं धाडलंत. आणि श्रीमंत मामांच्या बंडीतली चंची काढलीत. ते करायला आगीनं सांगितलं नव्हतं."

ती महिपतीकडे वळली. "मामा, नकाशा माझा होता."

महिपतीनं बँडेजचे हात मांडीवर घेतले. "नकाशाला काय कळतंय, बाईसाहेब. येकदा यायला पायजे हुतं."

पावणेबाराला शिवानंदनी सोमेशला मागच्या खोलीत बसवून दाराशी माणूस ठेवला. मग ते श्रीमंतसमोर येऊन उभे राहिले.

"मामा, चुकलं आमचं. तुम्ही जाऊ शकता."

केराबाई रडायला लागली. श्रीमंत मात्र जागचा हलला नाही.

"चुकलं ते ठीक हाय, सायब. पर काल सांजच्याला गावातनं मला तुमच्या गाडीत घालून आनलं, ते समद्यांनी बघितलं. आता मी असा मागच्या वाटंनं चालत गेलो तर लोक म्हंतील, सुटला कसातरी." त्यानं फाटकाशी उभ्या असलेल्या जीपकडं हात केला. "गाडीतनंच सोडा की. चावडीपातुर. आनि तितं तुमी सोता खाली उतरून सांगा, ह्येनं आग लावली न्हाय म्हनून."

शिवानंदनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, मग टोपी डोक्यावर घातली.

"बसा. पुढं बसा," ते म्हणाले. ड्रायव्हरला उतरवून ते स्वतः स्टिअरिंगवर बसले, आणि गावाच्या पहिल्या घरापासून चावडीपर्यंत त्यांनी जीप पायी चालण्याच्या वेगानं नेली.