बंद पंख्याचा अपराधी

तो वायरमन त्या वर्गात शिरला, तो केवळ छतावरचा बंद पंखा दुरुस्त करण्याकरिता. परंतु फळ्याजवळ उभ्या असलेल्या तरुण बाईंनी त्याला तोंडच उघडू दिले नाही.

"उशीर झाला. बसा त्या शेवटच्या बाकावर."

त्यांच्या भालप्रदेशावरील स्वेदबिंदू त्याने पाहिले अन् त्याचे शब्द ओठांतच विरले. हत्यारांची पिशवी बाकाखाली सारून तो बसला... आणि सातवी नापास असा तो मनुष्य प्रौढांच्या त्या इंग्रजीच्या वर्गात तीन आठवडे बसतच राहिला. बाईंनी व्यवसाय विचारला, तेव्हा "ऑफिसात असतो," असेही बोलून गेला!

पंखा अर्थातच बंद.

"मेल्या त्या वायरमनचे हात झडले की काय?" शिवणकाम करणाऱ्या मावशी वहीने वारा घेत करवादत. "विजेच्या सामानाचा दुकानदार म्हणतो, केव्हाच पाठवला!"

"वाटेत कुठे रमला असेल, मावशी," बाई हसत.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला होई. ज्या मुखावर त्याचा जीव जडला होता, ते त्याच्याच पापामुळे नित्य घामाने निथळत होते.

एके दिवशी धडा आला जर-तरच्या वाक्यांचा. घडून गेलेले वेगळे घडले असते, तर काय झाले असते, हे इंग्रजीत सांगायचे.

"वायरमन आला असता, तर मी अशी उकडून निघाले नसते," मावशींनी ठोकून दिले. वर्ग हसला.

"आता तुम्ही," बाई त्याच्याकडे वळल्या.

तो उठला. मान खाली. एकेक इंग्रजी शब्द जुळवीत म्हणाला, "मी... पहिल्याच दिवशी पंखा दुरुस्त केला असता... तर दुसऱ्या दिवशी मला तुम्ही दिसला नसता."

मग त्याने बाकाखालून पिशवी ओढली.

"अगं बाई! हाच का तो?" मावशी ओरडल्या.

लाल झालेल्या कानांनी तो बाकावर चढला. घटकाभरात पंखा फिरू लागला, खडूची धूळ उडाली. कुणाकडे न पाहता तो दाराकडे निघाला.

"कुठे निघालात?"

"काम झालं, बाई. मी ऑफिसातला नाही... खोटं बोललो."

"ते तेव्हाच कळलं होतं. ऑफिसातल्या माणसाच्या पिशवीतून पक्कड डोकावत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवले. "बोलले असते, तर..."

"पूर्ण करा की!" मावशी खेकसल्या. "आमचं अर्धं वाक्य चालतं का तुम्हाला?"

पंखा गरगर फिरत होता; तरीही बाईंच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता.