टेट्राचोर आणि दुपारची रात्र

"पुन्हा मोज!" मयुरी ओरडली.

"अजून किती मोजू? पाचच आहेत!" काचेला नाक चिकटवून अंकित म्हणाला. "काल सात होते. तुले भरोसा नसन तं तू मोज!"

मयुरीनं मोजले. पाचच भरले!

सिंदी रेल्वे या गावातल्या बुद्धविहाराला लागून एक वाचनालय आहे. तिथल्या रिकाम्या काचेच्या टाकीत दक्षिण अमेरिकेतली नदी उभी करायची, असं सुटी लागताच तिघांनी ठरवलं होतं. तिघं म्हणजे मयुरी, तिचा धाकटा भाऊ अंकित आणि त्यांचा दोस्त नागसेन. ठरवणं सोपं होतं, मासे निवडणं महाकठीण! अंकितला ऑस्कर नावाचा मोठा मासा हवा होता, कारण त्याला ते नाव भारी वाटत होतं. मयुरीनं साफ नकार दिला. "ज्याच्या तोंडात दुसरा मासा मावते, तो आपल्या टाकीत नाई!" हा तिचा नियम. भरपूर वाचून, भरपूर भांडून शेवटी लाल-निळ्या पट्ट्यांचे इवलेसे टेट्रा ठरले, आणि वाळूत मिशा खुपसत फिरणारे छोटे कोरी. सगळे गरीब स्वभावाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोबतीला वाळू, दगड आणि एक पोकळ लाकूड.

आणि आता टेट्रा नाहीसे होत होते. मेलेला एकही सापडला नव्हता. झाकण जागच्या जागी होतं!

"मांजर नाई, पाल नाई," मागून आवाज आला. विहार समितीचे सचिव रुपेशकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. "मंग किल्ली कोनाजवळ असते?"

सगळ्यांच्या नजरा नागसेनकडे वळल्या. वाचनालयाची किल्ली त्याच्याकडेच असायची. वर्ध्याच्या उन्हात टाकीतलं पाणी तापू नये म्हणून तो रोज दुपारी घरून बर्फाची बाटली आणून पाण्यात तरंगत ठेवायचा. एक दिवस चुकला नव्हता.

"घरी बरणीत ठेवले असतीन यानं," काका म्हणाले. "पोट्ट्यांच्या हाती किल्ली देऊच नये!"

नागसेनचा चेहरा पडला. मयुरीला काकांचा भयंकर राग आला.

एवढ्यात धुरपताआजी आत आल्या. त्या समितीच्या अध्यक्षा, शिवाय अर्ध्या गावाच्या बाई. काकांनाही त्यांनीच पाढे शिकवले होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "उद्या बुद्धपौर्णिमा. सारं गाव येईन इथं. संध्याकाळपर्यंत शोधून काढा काय झालं ते. नाई सापडलं तं टाकी रिकामी करा, आन किल्ली रुपेशजवळ द्या."

दोघं गेल्यावर नागसेननं किल्ली टेबलावर ठेवली. "मी उद्यापासून येत नाई. सारं गाव मले चोर म्हणन."

"म्हणू तं दे! मी पाहतो एकेकाले!" अंकितनं बाह्या सरसावल्या. बाह्यांच्या आत फारसं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नागसेनला हसू आलं नाही. तो नुसता टाकीकडे बघत राहिला. अचानक त्याच्या कपाळावर आठी पडली.

"मयुरे, कोरी पाह्य. सगळे एकाच कोपऱ्यात! पहिले तं लाकडाखालून हलत नव्हते. आता तिकडं काऊन जात नाई?"

मयुरी वाकली. खरंच की! लाकडाच्या पोकळीपाशी एकही मासा फिरकत नव्हता.

"आत काहीतरी आहे!" ती कुजबुजली.

"उचलू लाकूड?" अंकितनं हात पुढे केला.

"नको!" मयुरीनं त्याला अडवलं. "दगड कोसळून कोरी दबतीन. दिवसा लपते, म्हणजे रात्रीच निघत असन. पण आपल्याजवळ संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

"रात्र होत नाई तं आपण करू ना!" नागसेन म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जोर आला होता.

मग काय, धावपळ उडाली! विहारातल्या सतरंज्या खिडक्यांवर टांगल्या. कूलरच्या खिडकीतून उजेड येत होता, म्हणून कूलर बंद करून तीही झाकली. जयंतीच्या सजावटीतला लाल कागद उरला होता, तो टॉर्चवर गुंडाळला. लाल उजेड माशांना फारसा कळत नाही, असं मयुरीनं वाचलं होतं.

भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख झाला. उकाडा असा, की घामानं कपडे अंगाला चिकटले! नागसेनचा हात पाण्यातल्या बाटलीवर होता.

"बर्फ इतळून राह्यला," तो हळूच म्हणाला. "पाणी तापलं तं उरलेले पाचही मरतीन."

"अजून थोडं," मयुरी म्हणाली. आपला अंदाज चुकला तर? मासेही जातील आणि नागसेनही!

लाकडाच्या तोंडाशी काहीतरी हललं.

आणि तेवढ्यात दारावर धाड धाड धाड! "दार लावून काय करून राह्यले बे?"

अंकित दचकून किंचाळणार होता, मयुरीनं त्याचं तोंड दाबलं. नागसेननं पटकन दार किलकिलं केलं. रुपेशकाका! मागे धुरपताआजी!

"काका, पाया पडतो, आवाज करू नका. आत या. बसा."

काका काही बोलणार, पण आजींनीच त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. दार पुन्हा बंद झालं.

लाल उजेडात आधी लांब मिशा दिसल्या. मग रुंद, चपटं डोकं. पोकळीतून एक मासा सावकाश बाहेर आला. पाठ काळी, पोट पांढरं, तोंड तर केवढं! एक टेट्रा झोपाळल्यासारखा खाली तरंगत होता. तोंड उघडलं आणि मिटलं. टेट्रा गायब!

"बाप रे!" रुपेशकाका उठून उभेच राहिले. "हा तं बोटाएवढाच होता!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"कोन बोटाएवढा होता, रुपेश?" आजींनी विचारलं.

नागसेननं एका झटक्यात सतरंजी ओढली. उजेडात काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

"मी... वर्ध्याले गेलतो ना," काका चाचरत म्हणाले. "दुकानदारानं म्हटलं, लाल शेपटीचा आहे, तळ साफ ठेवते. पौर्णिमेले टाकी चकाचक दिसन म्हणून सोडला. मंग दिसलाच नाई, तं मले वाटलं मेला असन."

"तळच काय काका, त्यानं तं टेट्राही साफ केले!" अंकित म्हणाला.

"पण तोही दक्षिण अमेरिकेचाच आहे म्हणे! एकाच नदीतले, पटन त्यांचं असं वाटलं."

"नदीत पळायले जागा असते काका," मयुरी म्हणाली. "या टाकीत कुठं पळतीन ते? अन हा माणसाएवढा वाढते!"

काकांनी घाईनं बादली उचलली. "आत्ताच तलावात सोडून येतो."

"नाई!" नागसेन आडवा झाला. "तथी सोडला तं तथले मासे खाईन. ज्यानं देला त्यालेच परत करा."

"ऐकलं काय?" आजी काकांना म्हणाल्या. "सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं. बादली मांडीवर घेऊन! आन पोराले चोर म्हटलं, ते उद्या साऱ्यांसमोर वापस घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठा मासा पहिल्या गाडीनं वर्ध्याला परत गेला होता. टाकीत चार टेट्रा निवांत फिरत होते आणि कोरी पुन्हा लाकडाखाली गेले होते. काका उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "नागसेन, माहं चुकलं." आजींनी किल्ली नागसेनच्या हातात दिली. "चाळीस वर्षं शिकवलं मी, पण दुपारी रात्र करणारे पोट्टे पहिल्यांदा पाह्यले! शाब्बास!" टाळ्यांनी विहार दणाणला. नागसेनचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

दुपारी गर्दी ओसरल्यावर रुपेशकाका हळूच वाचनालयात आले. त्यांच्या हातात बर्फाची बाटली होती. ते टाकीपाशी थबकले.

"नागसेन, टाकू काय?"

नागसेननं बाटली हातात घेऊन झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि काकांना परत दिली.

"टाका. पण हळू, काका."