दोन ते चार

बॅटरी पॅक घेताना डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. डब्यावर वीस हजार लिहिलेलं असतं, आत आठ निघतात. आमच्या रस्त्याच्या टोकाला मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणारे एक काका बसतात. ते म्हणतात, "ताई, बायोडेटा आणि बॅटरी, दोन्ही निम्मं धरून चालायचं."

म्हणून मी पॅक स्वतःच बांधला. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. काकांनी जुन्या लॅपटॉपमधले सेल दिले. प्रत्येक सेल पूर्ण भरायचा, पूर्ण रिकामा करायचा, किती निघाले ते कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवायचं. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती.

"भाजी निवडल्यासारखं निवडतेस गं," सासूबाई म्हणाल्या. "एखादा किडका गेला आत तर काय होईल?"

"सगळ्यांना ओढेल, आई."

ते खरंच आहे. शेजारी जोडलेल्या सेलांमध्ये भरलेला सेल रिकाम्यात ओतत राहतो, दोन्ही सारखे होईपर्यंत. हात आखडता घेणं त्याला ठाऊक नसतं.

एवढा खटाटोप ठकीसाठी. माझी मुलगी, तेव्हा चार महिन्यांची. तिची फुप्फुसं जन्मापासून नाजूक; झोपली की श्वासाचं यंत्र लावावं लागायचं. आणि आमच्याकडे दुपारी दोन ते चार वीज जाते. रोज, न चुकता. ठकीच्या झोपेची वेळही तीच.

यंत्राला तीन अँपिअर लागायचे. अठरा सेलांचा माझा पॅक बारा अँपिअर-अवरचा. म्हणजे चार तास. वीज यायला उशीर झाला तरी दोन तास हाताशी.

पहिल्या दिवशी चारला पॅक संपला. वीज त्याच मिनिटाला आली म्हणून निभावलं.

मी सगळे सेल सोडवून पुन्हा तपासले. बाराच भरले. दुसऱ्या दिवशीही पॅक चारला संपला. तिसऱ्या दिवशी वायरला दोन मीटर लावले, एक पॅकजवळ, एक यंत्राजवळ. यंत्राजवळचा तीन दाखवत होता. पॅकजवळचा सहा. मध्ये वीतभर वायर. जेवढा करंट निघतो तेवढाच पोचतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी मीटर बदलले. वायर बदलली. वायरवरून बोटं फिरवली. कुठे गरमही लागत नव्हती.

"एवढं काय बघतेस त्यात?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं.

"कुणीतरी अर्धं घेतंय."

"झोप कमी झालीय तुझी," तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

आता सांगायलाच हवं. हा पॅक बांधायच्या आधी मी एक विकत आणला होता, डब्यावरचा आकडा वाचून. तेव्हा घरात दोन यंत्रं होती. ठकी, आणि तिच्याहून अकरा मिनिटांनी मोठी तिची बहीण. एवढीशी होती, पण आम्ही तिला थोरली म्हणायचो. दोघी तीन महिन्यांच्या. दोन्ही यंत्रं चारपर्यंत चालतील असं मी डब्यावरून गणित केलं होतं. पावणेतीनला पॅकचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला. फोन केला होता, शहरातून रुग्णवाहिकेची गाडी निघाली होती, पोचली नव्हती. एकच यंत्र असतं तर पॅक तग धरणार होता. मी दोघींची नखं पाहिली. जिची जास्त गुलाबी होती, तिचं यंत्र चालू ठेवलं.

गाडी चारनंतर आली.

घरात सगळ्यांना वाटतं, थोरलीचं यंत्र आपोआप बंद पडलं. सासूबाई त्या वेळी बाहेरच्या खोलीत होत्या. मी कुणालाच सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

ते मीटर बघून चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी काकांकडून आणखी सेल आणले आणि दुसरा पॅक बांधला. अगदी तसाच, अठरा सेलांचा. खिडकीपाशी, जिथे थोरलीचा पाळणा असायचा, तिथे एका स्टुलावर ठेवला. त्याला काहीही जोडलं नाही.

त्या दुपारी दोन्ही मीटरांनी तीनच दाखवले. ठकीच्या पॅकमध्ये चारनंतर निम्मं उरलं होतं.

स्टुलावरचा पॅक मी चार्जिंगला लावला. त्यात सहा भरले. तीन अँपिअर, दोन तास.

मग तो दिनक्रमच झाला. संध्याकाळी दोन्ही पॅक भरायचे. सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत की हा दुसरा कशाला.

ठकी दीड वर्षाची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यंत्र परत करा. पोरगी ठणठणीत आहे." त्या दिवशी घरात किती दिवसांनी मोठ्याने हसणं झालं. शेजारणी आल्या, नवऱ्याने ठकीला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. आणि त्या गडबडीत स्टुलावरचा पॅक भरायचा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला.

तिसऱ्या दुपारी ठकी फरशीवर बसून डब्यांना झाकणं लावत होती. पंखा बंद पडला. दोन वाजले.

तिच्या हातातलं झाकण पडलं.

ती रडली नाही. बसल्या जागी थोडी वाकली, जणू कुणी हळूच हात धरून ओढावं. मी तिचा हात घेतला. नखं निळी होती.

यंत्र परत केलेलं. नवरा कामावर. दवाखाना वीस मिनिटांवर.

मला कळलं, कोण कुणात ओततंय.

ठकीचा जुना पॅक कपाटात होता. भरलेला. मी धावले. स्टुलावर, रिकाम्या पॅकशेजारी ठेवला. वायर लावली नाही. लावायला काही नव्हतंच.

"घे," मी म्हणाले. "हे घे. तिला सोड."

मागे झाकणाचा आवाज झाला. ठकीने ते उचललं होतं आणि डब्यावर दाबून बसवत होती. ओठांवर रंग येत होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ठकीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"रोज भरत जा गं बाई," एवढंच म्हणाल्या.

त्याला आठ महिने झाले. मी एक दिवसही चुकवलेला नाही. पण पॅक पुरेनासा झाला. आधी सहा लागायचे. मग सात, आठ. आता दहा. गेल्या आठवड्यात काकांकडून तीस सेल मागितले.

"ताई, स्कूटर चालवायचीय का?"

"वाढत्या अंगाचा हवा," माझ्या तोंडून निघून गेलं. काका पोट धरून हसले.

काल नवा पॅक स्टुलावर ठेवला. दोन वाजायला दहा मिनिटं होती. बाहेरच्या खोलीत ठकी डबे बडवत होती. सासूबाई आत आल्या, खिडकीचा पडदा ओढला, स्टुलावरचं ऊन गेलं का ते वाकून पाहिलं. मग पाय न वाजवता बाहेर गेल्या.

"हळू खेळ, सोन्या," मला ऐकू आलं. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."